होडीच्या रंगावरील जुने स्टिकर

पावसाळा सुरू झाला की गोव्याच्या किनाऱ्यावरील नौकांना विश्रांती मिळते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या अवधीत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करण्यास मनाई असते. मासळीच्या विणीचा हा काळ. शापोरा, मालीम, बेतूल, कुटबण अशा ठिकाणी या दिवसांत नौका ओळीने उभ्या असतात आणि लहान होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. परंतु होडीला विश्रांती असली तरी तिच्या धन्याला ती नसते. कोणी जाळी सांधतो, कोणी इंजिन उघडून बसतो, कोणी झापांच्या छपराखाली होडीचा जुना रंग साफ करून नवा देण्याची तयारी करतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र शांत होऊ लागला म्हणजे होडी सज्ज असली पाहिजे, हा त्यामागील हेतू.

या डागडुजीत एक काम दिसावयास क्षुल्लक, पण करावयास फार नाजूक असते. ते म्हणजे होडीच्या रंगावर वर्षानुवर्षे चिकटून बसलेले स्टिकर काढणे. कोठे मागील निवडणुकीतील चिन्ह असते, कोठे इंजिनाच्या कारखान्याचे नाव असते, कोठे आवडत्या फुटबॉल संघाची मुद्रा, तर कोठे पूर्वीच्या मालकाने लावलेली नावाची अक्षरे. हे काम बहुधा घरातील मुलांकडे सोपविले जाते. मुले उत्साहाने सुरी घेतात किंवा थिनरची बाटली उपडी करतात. स्टिकर निघतो खरा. पण त्याबरोबर रंगही निघतो, आणि दहा मिनिटांच्या घाईची भरपाई करण्यास दहा दिवस लागतात. हे काम रंगास इजा न करता कसे करावे व तसेच का करावे, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. 'का' हे कळले की 'कसे' हे पाठ करावे लागत नाही, असा आमचा विश्वास आहे.

रंग : होडीचे कवच

घराच्या भिंतीवरील रंग थोडा उडाला तर घर पडत नाही. होडीची गोष्ट वेगळी आहे. लाकडी होडीवर ऊन, वारा, खारे पाणी आणि पावसाचे गोडे पाणी यांचा मारा बारा महिने चालू असतो. नवल असे की लाकूड कुजविण्याच्या कामी खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणीच अधिक घातक ठरते. कारण लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. म्हणून होडीच्या वरच्या भागात जेथे रंग खरवडला जातो, तेथे पावसाचे पाणी मुरते व फळी आतून मऊ पडू लागते. पाण्याखालच्या भागात लाकूड उघडे पडले तर लाकूड पोखरणारे सागरी जीव त्यात शिरकाव करतात. पूर्वी आपल्याकडे होड्यांना माशाचे तेल किंवा काजूच्या टरफलांचे तेल चोपडीत, त्याचे कारण हेच होते. पुढे त्यांची जागा बहुतेक ठिकाणी ऑइल पेंटने व एनॅमलने घेतली. आता फायबरच्या होड्या पुष्कळ दिसतात. त्यांच्या अंगावर जेलकोट नावाचा रंगीत, गुळगुळीत थर असतो. हा थर फुटला की आतील काचतंतूंच्या थरांत पाणी झिरपू लागते.

हे कवच किती पातळ असते, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. एनॅमलचा एक हात सुकल्यानंतर त्याची जाडी सुमारे ३० ते ४० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे रंगाचे दोन हात मिळून जेमतेम एका केसाएवढी जाडी होते. प्लास्टिकचा स्टिकर बहुधा रंगाच्या एका हातापेक्षा जाडच असतो. एवढ्या नाजूक थरावर आपण पोलादी पाते फिरवितो, तेव्हा ते पाते स्टिकरपाशी थांबून रंगापाशी वळेल ही अपेक्षा व्यर्थ होय.

चिकटणे म्हणजे काय ?

एखादी वस्तू दुसरीला चिकटते, याचे मूळ कारण असे की सर्व पदार्थांच्या रेणूंमध्ये परस्परांविषयी अल्पसे आकर्षण असते. डच शास्त्रज्ञ योहानेस व्हान डर वाल्स यांच्या नावाने हे आकर्षण ओळखले जाते. त्यांना १९१० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे आकर्षण इतके दुर्बळ असते व इतक्या अल्प अंतरावर चालते, की दोन पृष्ठभाग अगदी भिडल्याशिवाय त्याचा अनुभव येत नाही. वही टेबलावर ठेवली तर ती चिकटत नाही. कारण दोन्ही पृष्ठभाग आपल्याला सपाट दिसले तरी सूक्ष्म दृष्टीने ते डोंगरदऱ्यांसारखे असतात व मोजक्याच शिखरांवर एकमेकांस टेकतात. चिकटद्रव्याचे काम एवढेच, की मऊपणामुळे त्याने या दऱ्यांत उतरावे व सर्वत्र भिडावे.

आपल्या भिंतीवरील पालीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तिच्या बोटांखाली असंख्य सूक्ष्म केस असतात व त्यांची टोके पृष्ठभागाला इतकी भिडतात की डिंकावाचूनही ती छतावरून चालू शकते. पण ती इतकी घट्ट चिकटते तर पाऊल उचलते कशी ? पाल पाऊल सरळ ओढून काढीत नाही. ती आपली बोटे टोकाकडून वर वळवीत सोडविते. एकाच वेळी सगळी पकड तोडण्याऐवजी ती रेषेरेषेने तोडते. म्हणून थोड्या बळात काम भागते. स्टिकर काढण्याची विद्या पालीच्या या चालीत आलेली आहे. एका कोपऱ्यापासून आरंभ करावा व कड दुमडून मागे मागे नेत जावी.

रंगाला धक्का न लावता निघणारी चिकटपट्टी ही वस्तूच मुळी रंगाऱ्यांच्या अडचणीतून जन्मास आली. अमेरिकेत १९२० नंतर दुरंगी मोटारींची आवड वाढली होती. एक रंग झाकून दुसरा लावण्यासाठी रंगारी कागद चिकटवीत. पण तो काढताना ताजा रंगही उपटून येई. सेंट पॉल येथे रिचर्ड ड्रू नावाच्या तरुणाने ही तक्रार ऐकली आणि १९२५ मध्ये सहज निघणारी कागदी चिकटपट्टी तयार केली. १९३० मध्ये त्याचीच पारदर्शक चिकटपट्टी आली. पुढे १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात स्टँटन अॅव्हरी यांनी, ओले न करता नुसते दाबून चिकटविता येतील अशी लेबले बनविली. आजचा स्टिकर हा त्या लेबलांचाच वंशज होय. चिकटविणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच स्वच्छ निघणेही महत्त्वाचे, ही जाणीव या शोधाच्या मुळाशी होती.

जुना स्टिकर हट्टी का होतो ?

नवा स्टिकर सहज निघतो, मग जुनाच का अडून बसतो ? याची कारणे तीन आहेत. पहिले असे की चिकटद्रव्य हे एक प्रकारचे अतिशय घट्ट द्रव असते. ते महिनोन्महिने हळूहळू वाहत राहते, रंगाच्या सूक्ष्म दऱ्यांत अधिकाधिक उतरते व त्याची पकड वाढत जाते. दुसरे कारण ऊन. उन्हातील अतिनील किरणांमुळे व उष्णतेमुळे चिकटद्रव्याच्या लांब रेणूंमध्ये आडवे दुवे निर्माण होतात आणि मऊ डिंकाचे कठीण खवले बनतात. तिसरे कारण खुद्द स्टिकरच्या प्लास्टिकमध्ये असते. ते लवचिक राहावे म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. कालांतराने ती निघून जातात. मग प्लास्टिक आकसते, त्याला तडे जातात, आणि हात लावताच त्याचे नखाएवढे तुकडे पडू लागतात.

ऊन रंगालाही सोडीत नाही. रंगात दोन घटक मुख्य असतात : रंगद्रव्याची पूड व तिला धरून ठेवणारे बंधक द्रव्य. उन्हाने बंधक द्रव्य झिजते आणि वर सुटी पूड उरते. जुन्या होडीवरून हात फिरविल्यास तळव्याला खडूसारखी जी भुकटी लागते, ती हीच. स्टिकरच्या खाली मात्र रंग सावलीत राहिलेला असतो. तो ताजा व गडद दिसतो. ही गोष्ट आपणांस पुढे उपयोगी पडणार आहे.

डिंक आणि रंग यांचे नाते

आता मुख्य अडचणीकडे वळू. 'समानशीले सख्यम्' हा न्याय रसायनशास्त्रातही चालतो. तेलकट पदार्थ तेलकट द्रवात विरघळतो, पाण्यात नाही. स्टिकरचा डिंक बहुधा रबर व राळ यांच्या मिश्रणाचा किंवा अॅक्रिलिक जातीचा असतो. तो पाण्याला दाद देत नाही, म्हणून आपण रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर यांच्याकडे धावतो. परंतु होडीचा ऑइल पेंट तरी कोण ? तोही तेलाच्याच कुळातला. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, हा जुन्या ऑइल पेंटचा पाया. आणि आजचे एनॅमलही याच मार्गाने सुकते. तेव्हा डिंकाचा जो शत्रू, तो थोड्याबहुत प्रमाणात रंगाचाही शत्रू असणारच. थिनरसारखा तीव्र द्रव दोघांमध्ये भेद करीत नाही; तो डिंक विरघळवितो आणि त्याच दमात रंग फुगवून सुरकुतवितो. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा यांचीही तीच गत. अल्काच्या योगाने तेलाचा साबण बनतो, हे आपण प्रयोगशाळेत शिकतो. ऑइल पेंटवर सोड्याचे तीव्र पाणी घासणे म्हणजे रंगाचाच साबण करणे होय.

यांत आणखी एक पेच आहे. स्टिकर झटक्याने ओढला तर चिकटद्रव्याला वाहण्यास अवकाश मिळत नाही. ते घट्ट पदार्थासारखे वागते व संपूर्ण ताण रंगावर पडतो. रंगाची लाकडावरील पकड जर डिंकाच्या पकडीपेक्षा दुबळी असेल, तर रंगाचा पापुद्राच उपटून येतो. उलट अगदी सावकाश ओढले तर डिंक ताणला जातो व मधूनच तुटतो. अर्धा स्टिकरबरोबर येतो आणि अर्धा रंगावर राहतो. मग यांतील कोणते पत्करावे ? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. राहिलेला डिंक नंतर पुसता येतो. गेलेला रंग पुसून परत येत नाही. ज्या चुकीची दुरुस्ती होऊ शकते, ती पत्करून दुसरी टाळावी. या लेखातील सर्व कृती या एका सूत्राला धरून आहेत.

आरंभी तपासणी

हात घालण्यापूर्वी होडीच्या धन्याची संमती घ्यावी. प्रत्येक चिकटलेली वस्तू निरुपयोगी नसते. मासेमारी नौकेवरील नोंदणी क्रमांक हा कायद्याचा विषय आहे. २००८ साली मुंबईवर समुद्रमार्गे झालेल्या हल्ल्यानंतर नौकांच्या नोंदणीकडे अधिकच कसोशीने पाहिले जाते. तो क्रमांक चिकट अक्षरांत असला तर त्यास स्पर्श करू नये. त्याचप्रमाणे नाळेवर एखाद्या देवाचे, मेरी मातेचे अथवा संताचे चित्र असेल, तर ते फिकट झाले म्हणून काढावे की राहू द्यावे, हे त्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी ठरवावयाचे आहे. चित्र जीर्ण असले तरी त्यामागील भाव जीर्ण नसतो.

त्यानंतर तो भाग गोड्या पाण्याने व साध्या साबणाने धुवावा. वाळू व मिठाचे कण राहिले तर पुढे घासताना तेच कानशीप्रमाणे रंग कापतात. भाग कोरडा झाला की रंगाची परीक्षा घ्यावी. स्टिकरच्या शेजारी बोटभर लांबीची पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावावी व एक-दोन मिनिटांनी हळू काढून पाहावी. पट्टी स्वच्छ आली तर रंगाची पकड चांगली आहे. नुसती भुकटी आली तर रंग उन्हाने झिजलेला आहे, पण धरून आहे. मात्र पापुद्रे आले तर तेथेच थांबावे. असा रंग स्टिकर ओढताच त्याबरोबर येणार, हे नक्की. अशा ठिकाणी ओढण्याचा विचार सोडून द्यावा आणि तो सगळा भाग पुढील रंगकामाच्या वेळीच साफ करावा. काही वेळा काम पुढे ढकलणे हेच काम नीट करणे असते.

यानंतर जो द्रव वापरावयाचा, त्याची परीक्षा बाकाखाली किंवा अन्य झाकलेल्या जागी घ्यावी. पांढऱ्या फडक्यावर दोन थेंब घेऊन ते हलक्या हाताने घासावे व पाच मिनिटे वाट पाहावी. फडक्यास रंग लागला, किंवा रंग मऊ अथवा निस्तेज झाला, तर तो द्रव त्या होडीसाठी वर्ज्य समजावा.

प्रत्यक्ष कृती

कागदी स्टिकर असेल तर पाणीच पुरते. वरचा गुळगुळीत पापुद्रा नखाने सोडवावा, ओले फडके अर्धा तास त्यावर ठेवावे आणि लगदा झालेला कागद बोटांनी गोळा करावा. खरा प्रश्न प्लास्टिकच्या स्टिकरचा.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे ऊब. उबेने डिंक मऊ होतो व ठिसूळ प्लास्टिकही काही अंशी लवचिक बनते. सकाळचे कोवळे ऊन होडीवर तास-दोन तास पडले की काम आरंभावे. भर दुपारी करू नये. गडद रंगाची होडी उन्हात फार तापते, डिंक पातळ होऊन त्याचे तंतू निघू लागतात आणि रंगही नरम पडतो. ऊन नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेले जाड फडके स्टिकरवर ठेवावे व थंड होताच बदलावे. केस वाळविण्याचे यंत्र असेल तर तेही चालते. मात्र ते एका जागी रोखून धरू नये. कसोटी सोपी आहे : ज्या पृष्ठभागावर आपला तळहात सुखाने ठेवता येत नाही, तो पृष्ठभाग अधिक तापला आहे. आगीची ज्योत कधीही लावू नये.

कोपरा मऊ झाला की तो नखाने उचलावा. नख पुरत नसेल तर बांबूची पातळ चोय, प्लास्टिकची जुनी पट्टी किंवा निरुपयोगी झालेले प्लास्टिकचे कार्ड घ्यावे. हत्यार रंगापेक्षा मऊ असावे, हा नियम लक्षात ठेवावा; म्हणजे झिजायचे ते हत्यारच झिजते. सुटलेली कड पृष्ठभागालगत मागे दुमडावी व जवळजवळ स्वतःवरच परतवून हळूहळू ओढावी. बाहेरच्या दिशेने सरळ ओढू नये. कोठे अडले तर बळ वाढवू नये, ऊब द्यावी. स्टिकर तुकड्यांनी येत असेल तर एका वेळी तळहाताएवढाच भाग गरम करून चोयीने खालून सरकवीत जावे. एका मोठ्या स्टिकरला अर्धा दिवस लागला, तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये.

मागे उरलेला चिकटा

स्टिकर निघाल्यावर जो चिकटा राहतो, त्यासाठी पायरी-पायरीने जावे. प्रथम कोरड्या बोटाने घासून पाहावे. पुष्कळदा चिकट्याच्या वळ्या होऊन तो आपोआप सुटतो. त्यानंतर आपल्या घरातील खोबरेल तेलाची पाळी. खोबरेल हे न सुकणारे तेल आहे. जवसाच्या तेलाप्रमाणे त्याची साय धरत नाही, म्हणून ते दीर्घ काळ डिंकात मुरत राहते. ते डिंकाला फुगवून त्याची पकड ढिली करते, आणि सुकलेल्या रंगावर मात्र एवढ्या अवधीत त्याचा काही परिणाम होत नाही. तेलाचा बोळा चिकट्यावर अर्धा तास ठेवावा, मग मऊ फडक्याने गोल गोल पुसावे. दोन-तीन वेळा केले की बराचसा चिकटा निघतो. हे तेल स्टिकर असतानाच वरून ओतण्यात अर्थ नाही. प्लास्टिकमधून ते खाली पोचत नाही. म्हणून आधी पापुद्रा, मग चिकटा, हा क्रम.

खोबरेलाने भागले नाही, तरच रॉकेल घ्यावे, तेही फडक्याच्या कोपऱ्यावर. होडीवर ओतून नव्हे. त्यानेही न निघाल्यास व आधीच्या परीक्षेत रंग टिकलेला असल्यास टर्पेंटाइन वापरावे. प्रत्येक वेळी लगेच साबणाच्या पाण्याने धुवावे. थिनर व नखांचा रंग काढण्याचे अॅसिटोन यांना ऑइल पेंटच्या अथवा एनॅमलच्या होडीवर थारा देऊ नये. जेलकोट यापेक्षा सोशिक असतो, पण अॅसिटोन फार वेळ राहिल्यास तोही निस्तेज होतो. काचकागद व भांडी घासण्याची तारेची घासणी यांनी डिंक जातो तो रंगाची चकाकी घेऊनच.

काम संपल्यावर तेलाचा अंशही राहता कामा नये. कारण तेलकट जागी नवा रंग धरत नाही व त्यात बारीक खळगे पडतात. ते पाहण्यासाठी धुतलेल्या जागेवर स्वच्छ पाणी शिंपडावे व शेजारच्या रंगाशी तुलना करावी. शेजारी पाणी पसरते आणि येथे मात्र त्याचे मणी होतात, असे दिसल्यास पुन्हा साबण लावावा. स्टिकर न काढता त्यावरूनच रंग मारण्याचा मोह काहींना होतो. रंग प्लास्टिकवर टिकत नाही, कडेखाली पाणी शिरते आणि वर्षभरात नवा रंग स्टिकरसकट सोलून येतो.

स्टिकर निघाला तरी त्याची आकृती उरते. हा डाग नव्हे. पूर्वी सांगितल्याप्रमाणे, सावलीत राहिलेला मूळ रंग तो हाच. भोवतालचा रंग फिकट झाला आहे, आतला नव्हे. तेव्हा ती आकृती घासण्यात अर्थ नाही. भोवतालच्या भागावरील भुकटी पॉलिशने हलकेच काढली की भेद बराच कमी होतो. जेलकोट जाड असल्यामुळे त्यास हे मानवते. एनॅमलवर मात्र बेताने करावे. उरलेला फरक काही महिन्यांचे ऊन आपण होऊन मिटवू लागते.

सावधगिरी

पेट्रोलला या कामात स्पर्शही करू नये. त्याची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस एवढ्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी सुमारे ३५ अंशांहून अधिक उष्णता लागते, म्हणून ते तुलनेने सौम्य. पण उन्हात तापलेली होडी ही मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा रॉकेल व टर्पेंटाइन सावलीत, मोकळ्या हवेत, वडीलधारी व्यक्ती जवळ असताना वापरावे. चूल, विडी व चालू इंजिन दूर ठेवावे. फडकी गोळा करून कोपऱ्यात कोंबू नयेत. विशेषतः जवसाच्या तेलाची फडकी ढिगात स्वतःच तापून पेटू शकतात.

जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे, आणि मुलांच्या शरीराला व मेंदूला शिसे अपायकारक आहे. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगाविषयी सावध राहिलेले बरे. पाण्याखालच्या भागास शिंपले व शेवाळ धरू नये म्हणून जो रंग देतात, त्यात बहुधा तांब्याची विषारी संयुगे असतात. तो भाग मुलांनी घासू नये.

शेवटची गोष्ट नदीची. १७७४ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका लेखात लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावरील प्रयोग वर्णिला आहे. चमचाभर तेल त्यांनी पाण्यावर टाकले. ते पसरत पसरत सुमारे अर्ध्या एकरावर गेले व पाणी आरशासारखे शांत झाले. चमचाभर तेलाची ही व्याप्ती, तर उरलेले रॉकेल मांडवीत किंवा झुवारीत ओतल्यास ते कोठवर जाईल, याचा विचार करावा. त्याच पाण्यात तिसऱ्या व खुबे वाढतात, त्याच काठावर खारफुटीच्या मुळांशी माशांची पिले आश्रय घेतात. प्लास्टिकचे तुकडे तर कुजतही नाहीत. ते आणखी बारीक होऊन माशांच्या पोटात जातात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी होडीखाली जुने कापड अंथरावे, निघालेला प्रत्येक तुकडा एका डब्यात जमा करावा व तो डबा कचऱ्याच्या योग्य ठिकाणी पोचवावा. ज्या पाण्यावर होडीचे पोट चालते, ते पाणी होडी स्वच्छ करण्याच्या नावाखाली घाण करणे शहाणपणाचे नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, या साऱ्या विवेचनाचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे : आधी पाणी, मग ऊब, मग तेल, मग रॉकेल, आणि अगदी शेवटी टर्पेंटाइन, प्रत्येक पायरीवर थांबून पाहावे, व एकीने भागले तर दुसरी चढू नये. बळापेक्षा अवधी श्रेष्ठ, कारण डिंक बळाला विरोध करतो, पण अवधीपुढे वाहू लागतो. घरी होडी नसली तरी दप्तर, सायकल, कपाट, वर्गातील बाक यांवरील स्टिकरांना हाच न्याय लागू आहे. ज्यांच्या घरी होडी आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात वडिलांच्या हातातील पोलादी पाते अदबीने बाजूला ठेवून, त्या जागी खोबरेलाची वाटी व बांबूची चोय द्यावी. होडीच्या अंगावर त्या हंगामात एक ओरखडा कमी उठला, तरी आमचे हे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.